शून्य आणि एक यांच्या मधला उतार

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या मंडलाशी देवाणघेवाण करणाऱ्या पिना यांना एकाच चिपमध्ये सामावून घेणारा छोटा संगणक होय, आणि या पिनांवरून त्याचा इतर चिपांशी जो व्यवहार चालतो तो व्होल्टेजच्या चढउतारांच्या रूपाने, सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत उरकून जात असल्यामुळे, उपकरणाच्या मदतीशिवाय तो पाहता येत नाही. उपकरण कोणते वापरावे हा प्रश्न वरकरणी सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. प्रत्यक्षात तो संकेत कशाला म्हणावे या प्रश्नाशी जाऊन भिडतो आणि म्हणूनच येथे तो दोन पक्षांच्या संवादातून मांडला आहे. तारेवरील शून्य-एकांचा अर्थ लावला की निरीक्षण पुरे झाले असे मानणाऱ्यास या लेखात अंकवादी म्हटले आहे, तर व्होल्टेजचा प्रत्यक्ष आकार पाहिल्यावाचून शून्य-एकांवर विश्वास ठेवू नये असे मानणाऱ्यास आलेखवादी म्हटले आहे.

दोन्ही पक्षांची उपकरणे वेगवेगळ्या काळातील गरजांतून जन्मली. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरण नलिका तयार केली, तिच्यावर आधारलेल्या ऑसिलोस्कोपने, म्हणजे आपल्याकडच्या प्रयोगशाळांत अजूनही सीआरओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राने, व्होल्टेज काळानुसार कसे बदलते याचा आलेख पडद्यावर दाखवला. पुढे १९४७ मध्ये टेक्ट्रॉनिक्सचा ५११ हा ऑसिलोस्कोप बाजारात आला आणि संकेताने ठरावीक पातळी ओलांडताच आलेख सुरू करण्याची युक्ती, अर्थात ट्रिगर, रोजच्या वापरात रुळली. मात्र १९७० नंतरच्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले, तेव्हा आठ डेटा-तारा आणि सोळा पत्ता-तारा एकाच वेळी पाहण्याची वेळ आली. दोन किंवा चार संकेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला ते झेपण्यासारखे नव्हते. या अडचणीतून १९७३ च्या सुमारास लॉजिक अ‍ॅनालायझर हे उपकरण पुढे आले, जे प्रत्येक तारेवर व्होल्टेज किती आहे हे न सांगता ते ठरलेल्या उंबरठ्याच्या वर आहे की खाली एवढेच नोंदवते आणि त्या बदल्यात पुष्कळ तारा पुष्कळ वेळ पाहू शकते.

वादासाठी एक साधे मंडल समोर ठेवणे इष्ट आहे. अर्डुइनो उनो या फळीवरचा एटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टवर चालतो आणि डीएस३२३१ या घड्याळ-चिपकडून वेळ विचारून घेतो. दोहोंमधील संभाषण आय-टू-सी या पद्धतीने होते. ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आखली. तीत दोनच तारा असतात, एक घड्याळाच्या ठोक्यांची आणि एक डेटाची. या तारांना जोडलेली कोणतीही चिप त्यांना शून्य व्होल्टकडे खाली ओढू शकते, परंतु वर ढकलू शकत नाही. वर नेण्याचे काम तार आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये बसवलेला रोधक, ज्याला पुल-अप म्हणतात, तो करतो. समोरच्या मंडलात असा वेगळा रोधक बसवलेला नाही, घड्याळ-चिप लांब तारेच्या टोकाशी आहे आणि वेळ कधी मिळते, कधी मिळत नाही.

अंकवादी : अशा मंडलात पहिला प्रश्न कोणता, तर मायक्रोकंट्रोलरने काय विचारले आणि घड्याळ-चिपने काय उत्तर दिले. त्याचे उत्तर लॉजिक अ‍ॅनालायझर सरळ मराठी-इंग्रजी वाचल्यासारखे वाचून दाखवतो, कारण त्याच्याबरोबर चालणारी पल्सव्ह्यूसारखी मुक्त संगणक-प्रणाली तारेवरील ठोके मोजून पत्ता, वाचायचे की लिहायचे हे सांगणारा बिट आणि पोच, म्हणजे बिट मिळाल्याची समोरच्या चिपने दिलेली खूण, यांची नावे आलेखाखालीच लिहिते. एक उदाहरण घ्यावे. डीएस३२३१ चा पत्ता सात बिटांचा, ११०१००० असा, म्हणजे सोळा-आधारी पद्धतीत ६८ आहे. काही ठिकाणी शेवटी लिहिण्याचा शून्य बिट जोडून तोच पत्ता डी० असा आठ बिटांत देतात. प्रोग्रामरने तो डी० अर्डुइनोच्या वायर लायब्ररीला दिला, तर लायब्ररी त्याला सात बिटांचा समजून आणखी एक घर डावीकडे सरकवते, सर्वांत वरचा बिट गळून पडतो आणि तारेवर डी० ऐवजी ए० जातो. त्या पत्त्यावर राहणारे कोणीच नसल्यामुळे पोच येत नाही. प्रोग्रामला एवढेच कळते की उत्तर म्हणून २ हा आकडा परत आला. लॉजिक अ‍ॅनालायझर मात्र ए० हा चुकीचा पत्ता डोळ्यांसमोर ठेवतो आणि चूक कोठे झाली याचा उलगडा होतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बोट ठेवून नऊ ठोके मोजत बसण्यात काय मिळवायचे?

आलेखवादी : या उदाहरणात आपले म्हणणे निर्विवाद आहे, कारण चूक प्रोग्राममध्ये होती आणि तारेवरचे व्होल्टेज निर्दोष होते. परंतु समोरच्या मंडलात तक्रार वेगळी आहे. वेळ कधी मिळते आणि कधी मिळत नाही. पत्ता चुकीचा असता तर वेळ कधीच मिळाली नसती. येथे पुल-अपचा वेगळा रोधक नाही, त्यामुळे वायर लायब्ररी चालू करते त्या चिपच्या आतल्या पुल-अपवरच सारा भार आहे आणि त्याचे मूल्य उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे २० ते ५० किलोओहम यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. तारांना आणि पिनांना स्वतःचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता असते; ती १०० पिकोफॅरड आणि रोधक ३५ किलोओहम धरला, तर दोहोंचा गुणाकार ३.५ मायक्रोसेकंद येतो. बारीक नळाखालच्या बादलीप्रमाणे तार सावकाश भरत जाते. व्होल्टेज ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जाण्यास जो वेळ लागतो त्याला आय-टू-सीच्या नियमांत चढवेळ म्हणतात. ती या मंडलात सुमारे ३ मायक्रोसेकंद भरते, आणि १०० किलोहर्ट्झच्या प्रमाण वेगाला नियमाने मुभा आहे फक्त १ मायक्रोसेकंदाची. ऑसिलोस्कोपवर हे एका नजरेत कळते, कारण जेथे चौकोनी कोपरा दिसायला हवा तेथे शार्क माशाच्या पंखासारखा वाकडा चढ दिसतो.

अंकवादी : वाकडा असला तरी तो शेवटी वर पोचतोच. लॉजिक अ‍ॅनालायझरने तेथे एक नोंदवला, तर मायक्रोकंट्रोलरनेही एकच वाचला असणार.

या ठिकाणी थांबून अंकवाद्याच्या वाक्यातील ‘असणार’ तपासणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण वादाचे मर्म त्यात आहे. एक कोठे सुरू होतो हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. प्रत्येक वाचणारी चिप ते आपल्यापुरते ठरवते. आय-टू-सीच्या पिनांवर एटमेगा३२८पी हा पुरवठ्याच्या ७० टक्क्यांना, म्हणजे ५ व्होल्टच्या मंडलात ३.५ व्होल्टला, पोचल्यावरच एक वाचण्याची हमी देतो. बाजारात सर्रास मिळणारे आठ वाहिन्यांचे, सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेणारे स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर बहुधा सायप्रस कंपनीच्या एफएक्स-२एलपी या यूएसबी चिपवर बांधलेले असतात आणि तिचा उंबरठा ०.८ ते २ व्होल्ट यांच्या मध्ये कोठेतरी असतो. वरच्या मंडलातील तार शून्यापासून २ व्होल्टपर्यंत चढायला सुमारे १.८ मायक्रोसेकंद घेते आणि ३.५ व्होल्टपर्यंत चढायला सुमारे ४.२ मायक्रोसेकंद. या दोन क्षणांमध्ये २.४ मायक्रोसेकंदांचे अंतर पडते, आणि तेवढा वेळ निरीक्षकाचे उपकरण ठामपणे एक सांगत असते, पण ज्याच्यासाठी तो संकेत पाठवला आहे त्या चिपच्या लेखी तो अद्याप ना शून्य असतो ना एक. प्रमाण वेगाच्या एका ठोक्याचा अर्धा भाग ५ मायक्रोसेकंदांचा आहे हे लक्षात घेतले, तर ही तफावत किती मोठी आहे ते उमगते. लॉजिक अ‍ॅनालायझर येथे खोटे बोलत नाही; त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच तो उत्तर देतो, आणि तो प्रश्न चुकीचा आहे.

अंकवादी : उंबरठ्याचा मुद्दा मान्य करावा लागेल, आणि उंबरठा बदलता येणारे महाग लॉजिक अ‍ॅनालायझर ही त्रुटी बरीच भरून काढतात हेही नोंदवावे लागेल. पण आलेखवाद्याने स्वतःच्या हातातील प्रोबकडे, म्हणजे ऑसिलोस्कोपला तारेशी जोडणाऱ्या टोकाकडे, पाहावे. प्रोबवर एक पट आणि दहा पट अशी कळ असते. एक पट ठेवून तारेला टेकवलेला प्रोब आपल्या केबलसह सुमारे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटन्स मंडलात आणून सोडतो. ज्या तारेचा स्वतःचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड होता तिचा तो २०० झाला, चढवेळ ३ मायक्रोसेकंदांवरून ६ वर गेली आणि पडद्यावर जो आजार दिसला त्यातला अर्धा प्रोबनेच आणलेला निघाला. मग आकार पाहण्याचा एवढा अभिमान कशाला?

आलेखवादी : हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शिस्तीतच आहे. दहा पटीच्या स्थितीत तोच प्रोब १० मेगाओहमचा रोध आणि साधारण १२ पिकोफॅरडचा कपॅसिटन्स एवढाच भार टाकतो, म्हणजे चढवेळेत सव्वाआठव्या भागाच्या आसपास वाढ होते, जी मोजून वजा करता येते. मायक्रोकंट्रोलरच्या मंडलात एक पटीची कळ वापरण्याचे प्रसंग थोडे, आणि ते थोडे प्रसंगही पुरवठ्यावरची बारीक खरखर पाहण्यासारखे, संथ संकेतांचे.

अंकवादी : क्रिस्टलच्या पिनांवर दहा पट तरी चालेल काय?

आलेखवादी : तेथे जपून राहावे लागते. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या दोन्ही पायांना साधारण २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर असतात. त्यांच्याशेजारी एक पटीच्या प्रोबने १०० पिकोफॅरड टाकले, तर दोलने बंद पडून मायक्रोकंट्रोलर जागच्या जागी थांबू शकतो, आणि निरीक्षकाला वाटते की क्रिस्टल मुळातच बिघडला होता. दहा पटीच्या प्रोबनेही वारंवारता किंचित ढळते. म्हणून एटमेगामध्ये सीकेआउट या फ्यूज-बिटाने आतले घड्याळ दुसऱ्या एका पिनेवर, उनोच्या फळीवर तिचा क्रमांक ८ आहे, बाहेर काढण्याची सोय असून मोजमाप तेथे करणे श्रेयस्कर ठरते. ती पिन चिपच्या आतील प्रवर्धकाने हाकलेली असल्याने प्रोबचा भार क्रिस्टलपर्यंत पोचतच नाही.

प्रोबची जमिनीची तार हाही याच प्रकारातला, सहसा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. प्रोबला लोंबणारी १५ सेंटिमीटरची क्रोकोडाइल क्लिपची तार सुमारे १५० नॅनोहेन्रीचे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, मंडलात आणते आणि प्रोबच्या कपॅसिटन्सशी मिळून १२० ते १३० मेगाहर्ट्झच्या आसपास कंप पावू लागते. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवरील तीव्र कडेने ती छेडली गेली की पडद्यावर कडेनंतर लहरींची झालर उमटते, जी मंडलात कोठेच नसते. प्रोबच्या टोकाजवळ छोटी स्प्रिंग लावून जमिनीची वाट आखूड केली की झालर विरते, आणि हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे प्रत्येक झालरीबद्दल आधी प्रोबला जाब विचारतो. याच क्लिपबद्दल एक सावधगिरीही येथे सांगून ठेवावी लागते : घरगुती विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची जमीन अर्थिंगला जोडलेली असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, थेट मेन्सवर चालणाऱ्या मंडलाला ती क्लिप लावणे म्हणजे शॉर्टसर्किट करणे होय.

अंकवादी : आता त्या दोषाकडे वळू जो दिवसाकाठी एकदाच उद्भवतो. ऑसिलोस्कोपची स्मृती दशलक्ष नमुन्यांची असेल, तर सेकंदाला २४ दशलक्ष नमुन्यांच्या वेगाने ती सुमारे ४२ मिलिसेकंदांत भरते. लॉजिक अ‍ॅनालायझर नमुने संगणकाकडे धाडत राहतो, संगणकाची स्मृती मोठी असते आणि मिनिटामागून मिनिटे नोंद होत राहते. दोष घडला की मागे जाऊन त्याच्या आधीची सारी देवाणघेवाण वाचता येते, आणि दोषाचे कारण बहुधा दोषाच्या आधीच्या क्षणांतच दडलेले असते.

आलेखवादी : दीर्घ नोंदीचे हे बळ मोठे आहे, त्याला आलेखपक्षाकडे तोड नाही. तरीही क्वचित घडणारा एक दोष असा आहे की जो त्या दीर्घ नोंदीत उमटूनही दिसत नाही. मंडलात रिले आहे असे मानावे. तो ओढला जाताना पुरवठा ५ व्होल्टवरून क्षणभर २.४ व्होल्टवर येतो. उनोच्या फळीवरील एटमेगाचा ब्राउन-आउट उंबरठा, म्हणजे पुरवठा ज्याच्या खाली गेल्यावर चिप स्वतःला रीसेट करते ती पातळी, सुमारे २.७ व्होल्ट आहे. चिप रीसेट होते, घड्याळाशी चाललेले बोलणे मध्येच तुटते. लॉजिक अ‍ॅनालायझरची एक वाहिनी पुरवठ्यालाच जोडली असली, तरी तिच्या लेखी २.४ व्होल्ट हा पक्का एक आहे, कारण तिचा उंबरठा २ व्होल्टच्या वर जात नाही; नोंदीत पुरवठ्याची रेघ सरळ, अखंड दिसते. ऑसिलोस्कोपचा ट्रिगर ४ व्होल्टच्या खाली उतरणाऱ्या कडेवर, एकाच वेळेपुरता, लावून ठेवला तर तो खड्डा पकडला जातो.

दोन्ही पक्ष एका बाबतीत मात्र चटकन एकमत होतात. उपकरण न वापरता प्रोग्राममध्येच जागोजागी सीरियल मॉनिटरवर मजकूर छापत जाण्याची सवय सर्वत्र आहे, आणि ९६०० बॉडच्या वेगाने एक अक्षर पाठवायला १ मिलिसेकंदाहून थोडा अधिक काळ लागत असल्यामुळे, त्या छपाईनेच वेळेशी निगडित दोष नाहीसा होतो किंवा जागा बदलतो. त्याऐवजी रिकामी पिन एका सूचनेने वर आणि दुसऱ्या सूचनेने खाली करावी, १६ मेगाहर्ट्झवर अशा थेट सूचनेला १२५ नॅनोसेकंद पुरतात, आणि ती पिन उपकरणाच्या एका वाहिनीला जोडावी, म्हणजे प्रोग्राम त्या क्षणी कोठे होता हे इतर संकेतांच्या शेजारीच नोंदले जाते.

अंकवादी : उंबरठा आणि पुरवठा हे दोन मुद्दे सोडले, तर आकार पाहून आणखी काय हाती लागते? शून्य हा शून्यच असतो.

आलेखवादी : आय-टू-सीच्या तारेवर शून्य कोणी केला हे फार महत्त्वाचे असते. आठ बिट पाठवून झाले की मायक्रोकंट्रोलर डेटाची तार सोडून देतो आणि नवव्या ठोक्याला घड्याळ-चिपने ती खाली ओढून पोच द्यायची असते. दोघेही तीच तार शून्याकडे ओढतात, त्यामुळे लॉजिक अ‍ॅनालायझरला दोन्ही शून्ये सारखीच. आता ४.७ किलोओहमचा पुल-अप बसवावा, ज्यातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि फक्त घड्याळ-चिपच्या डेटा-पिनेपुढे २२० ओहमचा रोधक घालावा. मायक्रोकंट्रोलरने तार ओढली की व्होल्टेज जवळजवळ शून्यावर टेकते, पण घड्याळ-चिपने ओढली की ते सुमारे ०.२ व्होल्टवर थांबते. नवव्या ठोक्याला तळाची रेघ थोडी उचललेली दिसली, तर पोच खरोखर घड्याळ-चिपने दिली. ती अगदी तळाला चिकटली असेल, तर मायक्रोकंट्रोलरने तार सोडलेलीच नाही आणि ती पोच फसवी आहे. दोन चिपा एकाच पत्त्याला उत्तर देत असल्या तर तेही अशाच पातळ्यांतील फरकांवरून शोधता येते. शून्य-एकांच्या नोंदीतून ही माहिती कितीही प्रयत्नांनी काढता येत नाही, कारण नोंद करतानाच ती टाकून दिलेली असते.

येथे लेखकाचा कल उघड सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नवे मंडल प्रथमच सुरू केले की त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या तारेचा आकार एकदा तरी ऑसिलोस्कोपवर पाहावा आणि मगच लॉजिक अ‍ॅनालायझरच्या वाचनावर विसंबावे, हा क्रम उलटा केला तर अंकांचे वाचन किती विश्वसनीय आहे हे ठरवण्याचा आधारच राहत नाही. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत सीआरओ बहुधा साइन लहर आणि रेक्टिफायर यांच्या प्रयोगांना लावला जातो, मायक्रोकंट्रोलरचे प्रयोग वेगळ्या टेबलावर, तयार किटांवर किंवा संगणकातील सिम्युलेटरवर होतात. हे दोन टेबल जवळ आणले तर विद्यार्थ्यांचे मोठे हित होईल. सिम्युलेटरमधल्या तारेला कपॅसिटन्स नसतो, त्यामुळे तेथे वरचा वाकडा चढ कधीच दिसत नाही, आणि प्रत्यक्ष ब्रेडबोर्डवर मंडल चालेनासे झाले की विद्यार्थी निर्दोष प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

अंकवादी : समोरच्या मंडलात ४.७ किलोओहमचे पुल-अप बसवले. चढवेळ हिशेबाने ०.४ मायक्रोसेकंदांवर आली, नियमाच्या आत. लॉजिक अ‍ॅनालायझर प्रत्येक पोच दाखवतो, ऑसिलोस्कोपवर कोपरे चौकोनी दिसतात. आता त्याच दोन तारांवर ३.३ व्होल्टचा एक तापमान-संवेदक जोडला आणि त्याला ५ व्होल्ट सोसत नाहीत म्हणून पुल-अपची वरची टोके ५ व्होल्टवरून काढून ३.३ व्होल्टला लावली. दोन्ही उपकरणांवर चित्र पूर्वीइतकेच स्वच्छ आहे. यावर तरी दोन्ही पक्षांचे समाधान व्हायला हरकत नसावी.

आलेखवादी : येथे दोन्ही पक्ष एकत्रच फसतात. पडद्यावरचा चौकोन देखणा आहे, पण तो ३.३ व्होल्टवर संपतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या एटमेगाला हमीसाठी ३.५ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात चिपचा उंबरठा पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे टेबलावर मंडल चालून जाते, आणि तेच मंडल दुसऱ्या तुकडीच्या चिपेवर किंवा वेगळ्या तापमानात चालेलच याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. ०.२ व्होल्टची ही उणीव आकारात कोठेच दिसत नाही. ती दिसण्यासाठी ऑसिलोस्कोपचा कर्सर चौकोनाच्या माथ्यावर ठेवून आकडा वाचावा लागतो आणि तो माहितीपत्रकातील तक्त्याशी ताडून पाहावा लागतो.

अंकवादी : मग उपाय कोणता?

आलेखवादी : दोन आहेत. तारांच्या मध्ये बीएसएस१३८ सारखा मॉसफेट घालून एका बाजूला ३.३ आणि दुसऱ्या बाजूला ५ व्होल्टचे वेगळे पुल-अप द्यावेत, किंवा एटमेगालाच ३.३ व्होल्टवर चालवावे. दुसरा मार्ग स्वस्त आहे. परंतु त्या व्होल्टेजला १६ मेगाहर्ट्झचा वेग उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर जातो, त्यामुळे क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा बसवावा लागतो आणि प्रोग्राममधील वेळेचे सर्व हिशेब, आय-टू-सीच्या वेगासकट, नव्याने मांडून पुन्हा तारेवर मोजून पाहावे लागतात.